जंगल, खाडी, गायरान आणि कोर्ट : पर्यावरण खटल्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाडीकाठच्या एका लहानशा नागरिक गटात मी गेली काही वर्षं काम करतो. सोसायटीची सभा असो, कोळीवाड्यातली बैठक असो की कॉलेजातला कार्यक्रम, लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. उदाहरणं मुख्यतः महाराष्ट्र आणि गोव्यातली आहेत. मी वकील नाही. याचिका दाखल करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्याच.

सरकारची एवढी खाती असताना कोर्टात जायची वेळ येतेच कशी?

कायदे कमी नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा, वन संवर्धन कायदा १९८०चा, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६चा, शिवाय किनाऱ्यासाठी सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे, नियम. घोडं अडतं ते अंमलबजावणीपाशी. रात्री खाडीत राडारोड्याचे डंपर रिकामे होतात. सकाळी तक्रार घेऊन गेलं की महसूल खातं म्हणतं, ती जागा वनखात्याची. वनखातं म्हणतं, ताबा अजून आलेला नाही. महापालिका म्हणते, आमच्या हद्दीत येत नाही. हायकोर्टात एकाच याचिकेत तिघांनाही प्रतिवादी करता येतं, आणि मग तिघांनाही प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. निकाल काय लागायचा तो लागो, पण टोलवाटोलवी थांबून शपथेवर, कागदावर उत्तर मिळतं. मला विचाराल तर कोर्टाचा हा उपयोग फार मोठा आहे.

आमची जमीन नाही, आमचं वैयक्तिक नुकसान नाही. तरी याचिका करता येते?

येते. राज्यघटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टात आणि कलम ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल होते. जगण्याच्या हक्कात, म्हणजे कलम २१ मध्ये, स्वच्छ हवा आणि पाणी येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं आहे. सार्वजनिक जागांबाबत आणखी एक तत्त्व कामी येतं. हिमाचलमध्ये बियास नदीच्या काठावरच्या एका हॉटेलसाठी तिचा प्रवाह वळवला गेला होता. त्या कमलनाथ प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की नदी, किनारा, जंगल यांचं सरकार मालक नसून विश्वस्त आहे. विश्वस्ताला ठेव विकून खाता येत नाही, आणि ती ठेव आपल्या सगळ्यांची असल्यामुळे जाब विचारण्याचा हक्कही सगळ्यांना आहे.

गावच्या गायरानांसाठी २०११चा जगपाल सिंग निकाल वाचावा. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्यासाठी प्रत्येक राज्याने योजना करावी, असा आदेश त्यात आहे. महाराष्ट्र सरकारने त्यानंतर त्याच वर्षी शासन निर्णय काढला.

'जंगल' कशाला म्हणायचं यावर एवढी वर्षं वाद का चालतो?

कारण व्याख्या बदलली की जमीन सुटते. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल आहे ते जंगलच. मालक कोण आणि दप्तरी नोंद काय, याने फरक पडत नाही. तामिळनाडूतल्या निलगिरीच्या जंगलतोडीवरून सुरू झालेली ही याचिका पुढे सगळ्या देशाच्या जंगलांची याचिका झाली.

२०२३ मध्ये संसदेने वन संवर्धन कायदा दुरुस्त केला, तेव्हा नोंद नसलेली जंगलं कायद्याबाहेर पडण्याची भीती उभी राहिली. निवृत्त वनाधिकारी आणि पर्यावरण संस्था न्यायालयात गेल्या. १९ फेब्रुवारी २०२४च्या अंतरिम आदेशाने १९९६चाच अर्थ तूर्त कायम ठेवला. विदर्भातल्या वाचकांनी २२ मे २०२५चा झुडपी जंगलांचा निकालही पाहावा. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतली सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जमीन वनच आहे, असं त्यात ठरलं. ही जमीन सातबाऱ्यावर महसूल खात्याकडे आणि प्रत्यक्षात गुरं, ससे, तित्तिर यांच्याकडे, अशी वर्षानुवर्षं होती.

कांदळवनांच्या निकालाचा सगळे दाखला देतात. त्यात नेमकं काय आहे?

या प्रश्नाचं उत्तर थोडं लांब होईल, कारण आमचं निम्मं काम या एका निकालावर चालतं.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये अंतरिम आदेश दिला. राज्यभर कांदळवनाची, म्हणजे खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीची, तोड बंद, त्यावर भराव टाकणं बंद, उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करा, आणि सरकारी जमिनीवरची कांदळवनं वन म्हणून घोषित करा. तोवर मुंबई, ठाणे, रायगडमध्ये तिवरांकडे 'चिखलातली झुडपं' म्हणूनच पाहिलं जाई. खाडीचं पाणी अडवायचं, तिवरं वाळू द्यायची, मग 'इथे काहीच नाही' म्हणत भराव टाकायचा, ही रीतच पडली होती. पाणी अडवलं की झाडाला कुऱ्हाड लावावी लागत नाही, ते उभ्या जागी मरतं. म्हणून आजही आम्ही झाडांच्या आधी खाडीची तोंडं पाहतो, नळ्या बुजवल्या आहेत का ते पाहतो.

१७ सप्टेंबर २०१८ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. रियाझ छागला यांच्या खंडपीठाने अंतिम निकाल दिला. कांदळवन नष्ट करणं म्हणजे नागरिकांच्या कलम २१ खालच्या हक्काचा भंग. जमीन खासगी असली तरी संरक्षण लागू. कांदळवनाभोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम नाही. सार्वजनिक हितासाठी तोड अटळच असेल तर आधी हायकोर्टाची परवानगी. तक्रारी आणि देखरेखीसाठी कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती. दरम्यान २०१२ मध्ये राज्याने वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू केला होता. रस्त्यावरच्या शंभर मोर्चांनी मिळालं नसतं ते या एका याचिकेने दिलं, असं मी जबाबदारीने म्हणतो.

तरीही भाबडेपणा नको. 'सार्वजनिक हित' या दारातून मोठे प्रकल्प आत येतातच. डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी २० हजारांहून जास्त तिवरं तोडायला हायकोर्टानेच परवानगी दिली. फरक एवढाच, की प्रकल्पाला तोडायच्या झाडांचा आकडा उघड्या कोर्टात सांगावा लागला. आधी मागितला होता ५३ हजारांहून अधिक झाडांचा आकडा. तो निम्म्याहून खाली आला. उरलेली झाडं त्या हिशेबामुळे आज उभी आहेत, आणि त्यांच्या मुळांशी निवट्या आणि खेकडे आहेत.

एकदा विकली गेलेली वनजमीन परत मिळते का?

पुण्याला मिळाली. कोंढवा बुद्रुकमधली सुमारे ११.८९ हेक्टर राखीव वनजमीन १९९८ मध्ये शेतीच्या नावाखाली दिली गेली आणि पुढे ती इमारतींसाठी विकली गेली. नागरिक चेतना मंच ही पुण्यातली संस्था हे प्रकरण लावून धरत राहिली. १५ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप आणि २००७ची पर्यावरण मंजुरी दोन्ही बेकायदा ठरवली आणि जमीन तीन महिन्यांत वनखात्याकडे द्यायला सांगितलं. राजकारणी, नोकरशहा आणि बिल्डर यांच्या संगनमताचं हे ठळक उदाहरण आहे, असे शब्द निकालात आहेत. शिवाय सगळ्या राज्यांनी महसूल खात्याकडे पडून असलेली आणि वनेतर कामाला दिलेली राखीव वनजमीन शोधण्यासाठी विशेष तपास पथकं नेमावीत, असंही सांगितलं. १९९८ ते २०२५, म्हणजे सत्तावीस वर्षं. याचिका करणाऱ्याने हा हिशेब मनात ठेवूनच सुरुवात करावी.

स्टे मिळवण्याची एवढी घाई का असते?

मुंबईतल्या आरे कॉलनीच्या झाडांचं उदाहरण घ्या. ४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार. मेट्रो कारशेडसाठीच्या वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका हायकोर्टाने फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला, सोमवारी, 'जैसे थे'चा आदेश दिला. तोवर २,१४१ झाडं पडली होती. पुढे एप्रिल २०२३ मध्ये, परवानगीपेक्षा जास्त झाडं तोडण्याची हालचाल केल्याबद्दल न्यायालयाने मेट्रो महामंडळाला १० लाखांचा दंड केला, पण त्याच आदेशात १७७ झाडं तोडायची मुभाही दिली.

शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ हा काळ सगळ्यात धोक्याचा. सुनावणी संपत आली की आमच्यातला एकजण स्थगितीचा अर्ज टाइप करून तयार ठेवतो. निकाल विरुद्ध गेला तर अपिलापर्यंत काही दिवसांची तरी स्थगिती द्या, अशी तोंडी विनंती तिथल्या तिथे करायला वकिलाला आधीच सांगून ठेवा.

हायकोर्टात जायचं की हरित लवादात?

राष्ट्रीय हरित लवाद २०१०च्या कायद्याने आला. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी त्याचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. पाणी, हवा, पर्यावरण संरक्षण, वन संवर्धन, जैवविविधता असे सात कायदे त्याच्या कक्षेत येतात. वन्यजीव संरक्षण कायदा त्यात नाही. त्यामुळे अभयारण्याचा मूळ प्रश्न असेल तर हायकोर्ट. नदीत सोडलेलं रसायन, कचऱ्याची आग, चुकीची पर्यावरण मंजुरी यांसाठी लवाद सोयीचा.

मुदत मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. साधा अर्ज वाद उद्भवल्यापासून सहा महिन्यांत, आणि सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. मंजुरीविरुद्धचं अपील ३० दिवसांत, तेही फार तर आणखी ६० दिवसांपर्यंत. त्यानंतर दार बंद. आमच्या गटाचा हा स्वतःचा अनुभव आहे. एका कार्यालयाशी आम्ही सात-आठ महिने सौजन्याने पत्रव्यवहार करत राहिलो, 'पाहणी करू' अशी उत्तरं येत राहिली, आणि वकिलाकडे गेलो तेव्हा मुदत उलटून गेली होती. ती पाणथळ जागा आता नाही. पत्रव्यवहार जरूर करा, पण पहिल्या पत्राच्या दिवशीच कॅलेंडरवर शेवटची तारीख लिहून ठेवा.

खर्च किती येतो?

लवादात नुकसानभरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी १,००० रुपये आहे, आणि स्वतः उभं राहून बाजू मांडता येते. जनहित याचिकेतही कोर्ट फी हा मोठा खर्च नसतो. पैसे जातात ते झेरॉक्स, नकाशे, तज्ज्ञांचे अहवाल, प्रवास आणि तारखांसाठी बुडणाऱ्या रोजावर. पर्यावरणाचे खटले नाममात्र फीत लढणारे वकील मुंबई, पुणे, पणजी, नागपूर सगळीकडे आहेत. त्यांच्या वेळेचा मान राखा, कागद लावून न्या.

डहाणूचं नाव सारखं का निघतं?

कारण एका निकालाने एका तालुक्याला बावीस वर्षं राखणदार दिला. २० जून १९९१ रोजी केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. चिकूच्या वाड्या, वारल्यांचे पाडे, मासेमारीची गावं. उद्योगांसाठी फक्त ५०० एकर. ही अधिसूचना कागदावर राहू नये म्हणून स्थानिक महिलांनी आणि पर्यावरणवाद्यांनी न्यायालय गाठलं. ३१ ऑक्टोबर १९९६च्या निकालानंतर निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये डहाणूच्या किनाऱ्यावर होऊ घातलेल्या वाढवण बंदराला नकार दिला. औष्णिक वीज केंद्राच्या धुरातून गंधक काढणारी यंत्रणा त्यानेच पाठपुरावा करून बसवायला लावली. ती २००७ मध्ये सुरू झाली. न्या. धर्माधिकारी जानेवारी २०१९ मध्ये गेले.

त्यानंतरची हकिकत सांगताना मला जड जातं. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला अटींसह संमती दिली. एप्रिल २०२४ मध्ये हायकोर्टाने मच्छीमार आणि पर्यावरण संघटनांच्या याचिका फेटाळल्या. ३० ऑगस्ट २०२४ रोजी ७६,२०० कोटींच्या बंदराची पायाभरणी झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हणजे १९९८चा नकार काही कायमचा नव्हता. पण पंचवीस वर्षं त्या किनाऱ्यावर जाळी पडली, बोटी लागल्या, एक पिढी तिथेच वाढली. ज्यांना 'शेवटी काय मिळालं?' असं विचारावंसं वाटतं त्यांनी वाढवणच्या कोळणींना विचारावं.

गोव्यात खाणी बंद पाडून लोकांची रोजीरोटी घालवली, हे खरं का?

रोजगार गेले, हे खरं. ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले यांनी मोठा फटका सोसला आणि ते मान्य केलंच पाहिजे. पण कोर्टासमोरचा प्रश्न वेगळा होता. गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती, म्हणून त्यानंतरचं सगळं उत्खनन बेकायदा. वर्षाला २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली आणि खनिज विक्रीतला १० टक्के वाटा पुढच्या पिढ्यांसाठी एका कायम निधीत टाकायला सांगितलं. सरकारने पुन्हा लिलावाविना ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण केलं, ते ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द झालं. कायद्याने, लिलावाने, मर्यादेत खाणी चालल्या असत्या तर त्या एका फटक्यात बंद पडायची वेळच आली नसती. ट्रकवाल्याचा राग समजतो, पण तो याचिकाकर्त्यावर निघावा हे मला पटत नाही.

मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या तिनईघाट–कॅसलरॉक–कुळे रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी ९ मे २०२२ रोजी रद्द झाली, तीही गोवा फाउंडेशनच्याच लढ्यातून.

हवामान बदलाविरुद्ध थेट खटला करता येतो का?

करून पाहिला गेला आहे. उत्तराखंडची रिद्धिमा पांडे २०१७ मध्ये नऊ वर्षांची असताना हरित लवादात गेली. २०१९ मध्ये अर्ज निकाली निघाला. हवामानाचा विचार प्रकल्पांच्या मंजुरीत होतोच असं मानायला हरकत नाही, असा त्याचा आशय होता. २१ मार्च २०२४ रोजी मात्र सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात प्रथमच स्पष्ट म्हटलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क कलम १४ आणि २१ मध्ये आहे. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की त्याच निकालाने माळढोकच्या अधिवासातल्या वीजतारा जमिनीखालून नेण्याचा २०२१चा व्यापक आदेश सौरऊर्जेसाठी सैल केला. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक दिसण्यासाठी तासन् तास बसलेल्या माणसाला हा निकाल एका डोळ्यात हसू, एका डोळ्यात आसू असाच वाचावा लागतो.

बाहेर याहून पुढे गेलेले निकाल आहेत. नेदरलँड्समध्ये उर्जेंडा या संस्थेने २०१९ मध्ये सरकारला उत्सर्जन १९९०च्या तुलनेत किमान २५ टक्के घटवायला लावलं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मुलामुलींनी राज्यघटनेतल्या स्वच्छ पर्यावरणाच्या हक्कावर २०२३ मध्ये खटला जिंकला आणि पुढच्या वर्षी तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयातही टिकला.

जिंकलेला निकाल हातचा जाऊ शकतो?

जातो. मुंबईच्या वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर १६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'आधी बांधा, मग पर्यावरण मंजुरी घ्या' ही पद्धत बेकायदा ठरवली. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक मतांनी तो निकाल मागे घेतला. सुमारे २० हजार कोटींचे सार्वजनिक प्रकल्प पाडावे लागतील, ही काळजी बहुमताने बोलून दाखवली. न्या. उज्ज्वल भुयान यांनी ठाम असहमती नोंदवली. ती मी दोनदा वाचली. पुढच्या याचिकांमध्ये तिचा उपयोग होणार आहे.

हे खटले आदिवासींच्याच मुळावर येतात, असा आरोप का होतो?

कारण काही वेळा तसं झालं आहे. काही वन्यजीव संस्थांच्या याचिकेत १३ फेब्रुवारी २०१९ रोजी वनहक्काचे दावे फेटाळले गेलेल्यांना जंगलाबाहेर काढण्याचा आदेश निघाला. देशभरात अशा दाव्यांची संख्या दहा लाखांहून जास्त होती. देशभर संताप उसळला आणि २८ फेब्रुवारीला आदेशाला स्थगिती मिळाली. जंगल वाचवायचं म्हणून जंगलातल्या माणसाला बाहेर काढा, ही मागणी मला चूक वाटते, आणि गडचिरोलीचं मेंढा-लेखा हे त्याचं उत्तर आहे. त्या ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि तिने बांबूचं जंगल राखूनच आपला कारभार चालवला. ओडिशात नियमगिरीच्या बॉक्साइटबद्दल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला, तेव्हा बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. म्हणून आमच्या गटाने एक नियम केला आहे. ज्या जागेबद्दल याचिका, तिथल्या पाड्यात किंवा वाड्यात बैठक झाल्याशिवाय मसुदा लिहायचा नाही.

उद्या सकाळी आमच्या खाडीत जेसीबी उतरला तर पहिल्या दिवशी काय करू?

यंत्राशी आणि चालकाशी भांडू नका, तो रोजंदारीवर आलेला असतो. दुरून फोटो आणि व्हिडिओ काढा, लोकेशन चालू ठेवा, मागे ओळखीची खूण येऊ द्या, मंदिराचा कळस, विजेचा मनोरा, पूल. भरतीच्या वेळी पुन्हा जाऊन तीच जागा टिपा, म्हणजे पाणी कुठवर येत होतं ते दिसेल. पोलीस नियंत्रण कक्ष, तहसीलदार आणि कांदळवन कक्षाला त्याच दिवशी लेखी कळवा, आणि प्रत्येक अर्जावर आवक क्रमांक व शिक्का घ्या. ऑनलाइन सातबारा काढून सर्व्हे नंबर पक्का करा. परवानगीच्या प्रती मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज संध्याकाळपर्यंत द्या. कोळीवाड्यातल्या एखाद्या जाणत्याला घेऊन बसा आणि या तोंडातून पाणी कधीपासून येतं, जिताडा मासा कुठे मिळायचा, होडी कुठवर जायची, हे त्याच्या शब्दांत लिहून त्याची सही घ्या. पुढे हेच कागद याचिकेला जोडले जातात.